मूळ फ्लॉपीची पूजा

त्या सॉफ्टवेअर कंपनीचं नाव निघालं की मला अजून किळस येते. राग कधीच विरला, किळस काही जात नाही.

उचगावात आमचा छोटा छापखाना होता, वडिलांनी शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवत उभा केलेला. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं सगळेच छापत. आमच्याकडे शाळेच्या परीक्षांचे पेपर येत, ते निव्वळ वडिलांच्या शब्दावर. पेपर छापून झाला की ते खिळे स्वतः सोडवत आणि खराब झालेले कागद चुलीत घालत. मी शाळेत असताना परीक्षेच्या दिवसांत मला छापखान्याची पायरीसुद्धा चढू देत नसत. या माणसाकडून पेपर फुटायचा नाही, एवढ्या नावावर आमचं घर ताठ मानेनं जगलं.

नव्वदीच्या सुरुवातीला मी हट्टानं कॉम्प्युटर आणला आणि मराठी अक्षरजुळणीचं सॉफ्टवेअर रीतसर विकत घेतलं. शहरातले कितीतरी जण फुकटच्या कॉपीवर कामं उरकत होते. शहाणपणा मला सुचला. ते सॉफ्टवेअर कॉम्प्युटरमध्ये भरलेलं असलं तरी कंपनीची मूळ फ्लॉपी खाचेत सरकवल्याशिवाय उघडायचं नाही. त्या फ्लॉपीची नक्कलही निघायची नाही. म्हणजे विकत घेणाऱ्यानं रोज सकाळी आपण चोर नसल्याचा पुरावा द्यायचा.

खंडेनवमीला वडील यंत्रांची पूजा करत. त्या वर्षी पायानं चालवायच्या छपाईच्या ट्रेडल मशिनला हार घालून ते कॉम्प्युटरकडे वळले.

"ह्यात सगळ्यात महत्त्वाचं काय हाय रं?"

मी फ्लॉपी दाखवली. "ही न्हाय तर काय बी चालत न्हाय."

मी नारळ आणायला गेलो तेवढ्यात त्यांनी तिला मनोभावे हळदीकुंकू लावलं. त्या जुन्या मोठ्या फ्लॉपीला लांबट खिडकी असायची आणि आतली तबकडी तिथं उघडी पडलेली असायची. त्यांचं ओलं बोट नेमकं तिथंच टेकलं. दसरा करून कामाला बसलो तर पडद्यावर एकच ओळ: मूळ फ्लॉपी घाला. घातलेलीच होती.

सहामाहीचे पेपर तोंडावर आले होते आणि जुने खिळे कॉम्प्युटर आला तेव्हाच मोडीत गेले होते. कंपनीला फोन करकरून जीव मेटाकुटीला आला, तेव्हा कुठे त्यांचा एजंट उगवला. काम अडल्यामुळे त्याच दिवशी शाळेचे हेडमास्तर पेपरची हस्तलिखितं परत न्यायला आले होते. त्यांच्यासमोरच वडिलांनी एजंटला झालं ते सांगितलं.

"पावणं, चूक माझ्या हातनं झाली. मी पूजा केलती."

एजंटनं फ्लॉपी उजेडात धरली. कुंकू त्याला दिसलं, मी त्याचे डोळे बघत होतो. मग आमचाच चहा पीत तो म्हणाला, "कॉपी काढताना खराब झाली असणार. गोष्टी सगळेच सांगतात. तुमच्यासारख्यांमुळेच आम्हाला कुलूप घालावं लागतं." बदली फ्लॉपी मिळणार नव्हती, सॉफ्टवेअर नव्यानं घ्यायचं होतं. हेडमास्तर कागद घेऊन उठले.

मी तडक कोल्हापुरात गेलो आणि एका दुकानातून त्याच सॉफ्टवेअरची चोरटी कॉपी आणली. तिनं कसलीच फ्लॉपी मागितली नाही, बटण दाबताच उघडली. प्रामाणिक माणसाला छळायचं आणि चोराला वाट मोकळी ठेवायची, असला तो घाणेरडा कारभार. मी वडिलांना बोलावून पडदा दाखवला. म्हटलं, शाळेत निरोप धाडा, पेपर वेळेत देतो.

"कुठनं आणलास ह्यो?"

मी सांगितलं.

"त्यानं चोर म्हटलं तवा आपण न्हवतो की," ते म्हणाले.

निरोप गेला नाही. पुढच्या परीक्षेला हेडमास्तर आपण होऊन हस्तलिखितं घेऊन आले. वडिलांनी त्यांना बसवलं, चहा पाजला आणि पेपर घेतले नाहीत.