क्ष, घात आणि टेंभुर्णीच्या बाया

गणित शिकवणाऱ्याकडे किस्से जमत नाहीत, असं लोकांना वाटतं. खोटं आहे. टेंभुर्णीत दुपारी दोन ते चार मी सात बायांचा वर्ग घेते. सगळ्या शाळा सुटलेल्या, आता सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसणाऱ्या. त्यांच्यामुळे माझ्याकडे पोतंभर किस्से झालेत.

पहिल्याच दिवशी सांगितलं, क्ष म्हणजे अशी संख्या, जी लगेच सांगता येत नाही. कौसाबाई सगळ्यांत थोरली, पन्नाशीची. ती म्हणाली, "म्हंजे आमच्या मालकावाणी. नाव घेत न्हाई, पर कोण ते बराबर कळतं."

बेरजेत क्रम बदलला तरी चालतो, वजाबाकीत चालत नाही, हे काही केल्या पटेना. शेवटी कौसाबाईनंच बाकीच्यांना समजावलं. साखर आधी टाका की पत्ती, चहा तोच. पण आधी गाळून मंग पत्ती टाकली, तर पाहुणा उठून जाईल.

शबाना शिवणकाम करते. दोनाचं वर्गमूळ अपरिमेय, त्याचे दशांश संपतच नाहीत, हे ऐकून तिनं दुसऱ्या दिवशी मीटरभर चौरस कापड आणलं आणि कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत टेप लावला. एक मीटर एक्केचाळीस भरलं. मी म्हटलं, याच्या पुढेही थोडं आहे, ते कधीच संपत नाही.

"असू द्या मॅडम," ती म्हणाली, "शिलाईत जाईल."

घातांक काढले त्या दिवशी आधी हशाच झाला. दोनाचा घात कोणी केला, म्हणे! मग फळ्यावर लिहिलं. तिसरा घात आठ, दुसरा चार, पहिला दोन. दरवेळी निम्मं होत गेलं. घातांक शून्य केला तर? सगळ्या म्हणाल्या शून्य. राधा फळ्यावरचे आकडे बघत होती. मेंढपाळाच्या घरातली, नवरा तीन वर्षांमागं वारलेला. ती हळूच म्हणाली, "एक. सगळं गेलं तरी एक राह्यतो."

परीक्षेला महिना असताना हीच राधा यायची बंद झाली. आठ दिवस वाट बघून घरी गेले. सासू दारातच बसली होती. चाळिशीला आल्यावर शिकून काय करायचं, असं तिचं म्हणणं. मी तासभर बोलले. म्हातारीनं फक्त गणिताचं पुस्तक मागून घेतलं आणि उलटं धरून सगळी पानं चाळली. दुसऱ्या दिवशी राधा वर्गात हजर.

राधा पास झाली. गणितात काठावर, पण पास. अकरावीला नाव घातलं, कॉलेजला जाऊ लागली.

जुलैत नवा वर्ग सुरू झाला. पहिल्या दिवशी हजेरी घेत होते, तर दारात राधाची सासू उभी. नवी कोरी वही पदराखाली धरलेली. राधाचं काही बिनसलं का, म्हणून मी घाबरून उठले.

म्हातारी आत बघत म्हणाली, "तिची जागा कोणची व्हती?"