अर्धा तांब्या

राजकुमार खिल्लारे शाळेत पाण्याची बादली घेऊन यायचे आणि ती बघून आमचे मुख्याध्यापक डोक्याला हात लावायचे.

अग्निशमन दलातला माणूस शाळेत आला की मुलांना लाल गाडीत चढायचं असतं, घंटा वाजवायची असते, हेल्मेट घालून फोटो काढायचा असतो. खिल्लारे ते सगळं करू द्यायचे. चौदा एप्रिलला पांढऱ्या सदऱ्यात जयंती साजरी झाली की दुसऱ्या दिवसापासून खाकी चढवून त्यांच्या शाळांच्या फेऱ्या सुरू व्हायच्या. हा माणूस मुलांना भीती घालायचा नाही आणि शौर्याच्या गप्पाही मारायचा नाही. गॅसचा वास आला तर दिव्याच्या बटणाला हात लावू नका, खिडक्या उघडा. कढईतलं तेल पेटलं तर गॅस बंद करून झाकण ठेवा, पाणी टाकू नका. वायर पेटली तर आधी मेन स्विच. खोलीत धूर भरला तर रांगत बाहेर या. हे सगळं ते मुलांकडून तीनतीनदा वदवून घ्यायचे.

मग ते मैदानात घमेल्यात पोत्याचा तुकडा पेटवायचे. "कपडा पेटला, गोधडी पेटली, तर काय?" मुलं ओरडायची, "पाणी!" तेव्हा ते बादलीवरचं फडकं काढायचे. "हे प्यायचं पाणी हाय. घरातलं शेवटचं. आता एकेकानं या आन् तांब्याभर ओता."

ते साल होतं दोन हजार सोळा. लातूरला रेल्वेनं पाणी चाललं होतं, आमच्या शहरातही टंचाईच. आमची शाळा बायपासपलीकडच्या नव्या वस्तीत. तिथं इमारती भराभर उभ्या राहिल्या, नळ मात्र आले नाहीत. आठवड्याला टँकर यायचा आणि त्या दिवशी अर्धा वर्ग गैरहजर असायचा. अशात हा माणूस मुलांना पिण्याचं पाणी ओतायला लावतो म्हटल्यावर अनंतराव सरांनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापकांनी, त्यांना ऑफिसात बोलावून चांगलंच फैलावर घेतलं. खिल्लारे एवढंच म्हणाले, "सर, पाणी माझ्या घरचं हाय. छावणीतल्या घरून सायकलवर आणलंय." सरांनी मग त्यांना मैदानात जाऊ दिलं.

आठवीतली अमृता पुढं आली. धीट मुलगी. आल्या आल्या तिनं विचारलं होतं, "काका, तुमच्यात मुलींना घेतात का?" ते म्हणाले होते, "घेतात की. शिक, पळायचा सराव ठेव, मग भरतीला ये." तिनं तांब्या भरला आणि घमेल्यात ओतला. पण अर्धाच. मग तिचा हात आपोआप सरळ झाला. पोतं धुमसत राहिलं.

"उरलेलं कुणासाठी ठेवलं?" खिल्लाऱ्यांनी विचारलं.

"प्यायला लागंल ना, काका."

मुलं हसली. खिल्लारे हसले नाहीत. त्यांनी तिला पुन्हा ओतायला लावलं, पुन्हा अर्ध्यावर हात थांबला. तिसऱ्यांदा तिला रडूच फुटलं. मी तिची वर्गशिक्षिका, मला राग आला. एवढ्याशा पोरीला काय छळायचं ते! मी त्यांना तसं तोंडावर सांगितलं.

फाटकापाशी सायकल उभी करून ते मला म्हणाले, "मॅडम, बाकीच्या पोरांचं नाय, पण ह्या पोरीचं लई भ्या वाटतं मला." आणि मग त्यांनी अक्काची गोष्ट सांगितली.

भामाबाई त्यांची थोरली बहीण. आई गेल्यावर हिनंच त्यांना वाढवलं, धुणीभांडी करून शिकवलं. दलात नोकरी लागली तेव्हा वस्तीत पेढे वाटले. ह्यांच्या आजीला गावच्या आडाला हात लावू देत नव्हते. कुणी वरून ओंजळीत ओतलं तरच पाणी. त्या घरात पाणी सांडणं म्हणजे पापच. तीन वर्षांपूर्वीच्या दुष्काळात मुकुंदवाडीत अक्काच्या खोलीत रॉकेलची चिमणी पडली आणि अंथरुणानं पेट घेतला. दोन पावलांवर पाण्याचं लोखंडी टिपाड होतं, आदल्या दिवशीच भरलेलं. अक्का बाहेर पळाली, शेजाऱ्यांकडे माती मागितली आणि मग परत आत गेली. टिपाड ओढून बाहेर काढायला. पाणी वाचवायला! गाडी घेऊन पोचलेल्या पथकात खिल्लारे स्वतः होते. खोलीतली आग विझली तेव्हा अक्काचे हात टिपाडाच्या कडेला होते आणि पाणी तसंच भरलेलं होतं.

"तिला ठाऊक नव्हतं असं नाय," ते म्हणाले. "मीच शिकवलं होतं. पण हाताला सवय नव्हती."

त्यानंतर सुट्टीच्या दिवशीही ते येऊ लागले. मैदानात अमृता, पेटलेलं पोतं आणि एक तांब्या. दर वेळी तळाशी थोडं पाणी उरायचंच. मे महिन्यात शाळेला सुट्टी लागली आणि ते बंद झालं.

जूनमध्ये, पाऊस नावालाही नसताना, एका संध्याकाळी आमच्या गल्लीत आरडाओरडा झाला. अमृताचं घर दोन घरं सोडून. मी धावत पोचले तेव्हा दारातून धूर आणि पाणी दोन्ही बाहेर येत होतं. डासांची अगरबत्ती गोधडीवर पडली होती आणि त्याच बाजेवर तिची आजी, भागूबाई. अर्धांगानं पडलेली, स्वतःहून कूसही न बदलणारी. आई मालनबाई कंपनीत कामाला. घरात अमृता एकटी.

आजीच्या पायाला फोड आले होते, बाकी ती शाबूत होती. शेजाऱ्यांनी तिला उचलून ओसरीवर आणलं. तेवढ्यात मालनबाई पोचल्या. सकाळीच टँकरवर भांडून त्यांनी टिपाड भरून घेतलं होतं. त्यांनी आधी टिपाडात पाहिलं. "समदं ओतलं? आता आठ दिस काय पिऊ आम्ही?" म्हणून पोरीवर हात उगारला. मग सासूचे पाय दिसले आणि त्या ओसरीवर तिच्याजवळ धावल्या.

गाडी आली. विझवायला काही उरलं नव्हतं. खिल्लाऱ्यांनी आत जाऊन बाज तपासली, गोधडी उलटीपालटी केली, निखारा नाही याची खात्री केली. मग ते टिपाडापाशी गेले, वाकले आणि त्यांनी हात पार तळापर्यंत घातला. हात कोरडाच वर आला.

"अक्काच्या टिपाडात हात घातला तवा कोपरापर्यंत भिजला होता," ते कुणाकडेही न बघता म्हणाले.

अमृता भिंतीला टेकून उभी होती, नखशिखांत भिजलेली. तिला वाटलं, ते रागावलेत. तिनं घाईनं सांगितलं, "काका, ह्या वेळी काहीच ठेवलं नाय."

खिल्लाऱ्यांनी डोक्यावरचं हेल्मेट काढलं आणि सगळ्या गल्लीसमोर ते लहान मुलासारखे रडले.