हबीब चाचांच्या फळीचे चार पाय

सुरुवातीलाच माफी मागतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि परीक्षेच्या पेपराबाहेर इतके लांब मी कधी लिहिलेले नाही. त्यात हा विषय समुद्राचा, आणि मी समुद्र पाहिलेला नाही. पण ज्यांच्याबद्दल लिहितो आहे त्यांनीही समुद्र न पाहताच समुद्रावरच्या फळीची दुरुस्ती केली होती, आणि त्यांना त्याचा जराही संकोच वाटला नव्हता. त्यांचाच धीर थोडा उसना घेतो. काही चुकले तर समुद्र पाहिलेल्यांनी सांभाळून घ्यावे.

हबीब चाचांचे बल्लारपुरात लाकडी पलंगांचे दुकान. त्याच्या माडीवरची खोली भाड्याने मिळेल असे कळले म्हणून मी गेलो, तर चाचा एका नव्या पलंगाच्या कोपऱ्यावर हात ठेवून, डोळे मिटून उभे होते. मी नमस्कार केला. त्यांनी डोळे न उघडताच सांगितले, "तिकडच्या कोपऱ्यावर बस." मी बसलो. "आता हाल." मी थोडा हललो. "अजून हाल ना बे! लग्नात नाई नाचत का?" मी पुस्तकांची पिशवी छातीशी धरून जमेल तितका हललो. पलंग हलला नाही. तेव्हा कुठे त्यांनी डोळे उघडले आणि विचारले, "कोणाचा तू?"

कुठलीही वस्तू हलवून पाहण्याची त्यांना सवयच होती. चहाच्या टपरीवर गेले की आधी बाकडे हलवणार, मग चहा. डॉक्टरांकडे ताप घेऊन गेले आणि तपासायचे टेबल डुगडुगते म्हणून खाली उतरून त्याच्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी सरकवून आले. औषध घ्यायचे राहूनच गेले. "चारही पाय सारखे पाहिजेत," ते म्हणत. "एक लहान, एक मोठा झाला का खाट डुगडुगते, अन् खाट डुगडुगली का घर डुगडुगते."

त्यांचे स्वतःचे घर डुगडुगत होते ते मात्र पलंगामुळे नाही, यूनुसमुळे. यूनुस त्यांचा एकुलता एक मुलगा. बारावीनंतर तो चेन्नईकडे एका हॉटेलात कामाला गेला. हॉटेल समुद्राकाठी होते. तिथे लाटेवर फळी टाकून तिच्यावर उभे राहायला शिकवत. यूनुस शिकला, आणि पुढे दुसऱ्यांना शिकवू लागला. चाचांना तो दुकानात हवा होता. मी खोलीत राहायला आलो त्याच वर्षी ईदला तो चादरीत गुंडाळलेली लांबलचक फळी घेऊन गाडीतून उतरला. अब्बांना दाखवायची म्हणून एवढ्या लांबून आणली होती.

चाचींना वाटले, पोराने इस्त्रीचे टेबल आणले. चाचांनी फळीवर बोटाने ठोकले, कान लावला आणि निकाल दिला, "लाकूड नाई. थर्माकोल हाय."

"अब्बा, एकदा येऊन तर पाहा तिकडे," यूनुस म्हणाला.

"दुकान बंद करून थर्माकोल पाहाले येऊ?"

"मग मीपण दुकानात बसून खाटा हलवू का जिंदगीभर?"

यानंतर जे झाले ते मी माडीवरून ऐकले. इथे लिहीत नाही. दुसऱ्या दिवशी यूनुस निघून गेला. फळी राहिली. त्यानंतर तो फोन करायचा तो चाचींना. चाचा त्याच्याशी बोलत नसत. पण फोन वाजला की खालचा रंधा थांबायचा, आणि बोलणे संपले की पुन्हा सुरू व्हायचा. चाचींना ते कळत होते. त्या मुद्दाम मोठ्याने बोलत.

फळी दुकानात भिंतीला उभी होती. गिऱ्हाइके विचारत. एक इस्त्रीवाले तर ती घ्यायलाच आले.

"विकायची नाई," चाचा म्हणाले.

"मग हाय काय हे?"

चाचांनी बराच विचार केला. "पोराचं हाय," एवढेच म्हणाले.

मात्र एक गोष्ट त्यांना सहन होत नव्हती. फळीच्या खालच्या अंगाला, शेपटीकडे, चार खाचा होत्या. त्यांत बसणारी पाती यूनुसने प्रवासासाठी काढली होती, आणि ती त्याच्या बॅगेतच परत गेली होती. एकदा चाचांनी मला हाक मारली. "ए कॉलेजवाले! पायाच्या जागा हायेत अन् पाय नाई. पाहवत नाई रे. तुझ्या मोबाइलात पाह्य, कसे असतात याचे पाय."

मी वाचले. समजले तेवढे सांगितले. या पात्यांना फिन म्हणतात. माशाच्या परांसारखी ती पाण्यात धरून राहतात, म्हणून फळी आडवी घसरत नाही. उभा राहणारा वजनदार असेल तर मोठी घ्यायची, हलका असेल तर लहान. आतून सपाट, बाहेरून गोलसर. आणि चार असतील तेव्हा साधारणपणे पुढची दोन मोठी, मागची दोन लहान.

इथपर्यंत चाचा मान हलवत होते. इथे थांबले. "मागचे लहान?"

"तसंच लिहिलंय चाचा. त्यानं फळी पटकन वळते."

"वळाले पाहिजेच काऊन? सीधं जा, सीधं ये."

समुद्रात सरळ जाऊन सरळ येता येते की नाही, हे मला तरी कुठे माहीत होते?

त्यांनी जुन्या दाराचे वाळलेले सागवान काढले. खाचेचे माप घ्यायला चाचींकडून कणीक मागितली, खाचेत दाबली आणि ठसा काढला. चाचींनी परातीकडे पाहिले. "आज रोट्या कमी पडल्या तर समुद्रातून मागवा," त्या म्हणाल्या. बाहेरून गोल करायला चाचा लगेच तयार झाले, कारण पलंगाचा पायही बाहेरून गोल असतो. पण लांबीला मात्र चारही पाय एकसारखे. टेबलावर ओळीने उभे करून त्यांनी वरून पट्टी सरकवली. कुठे अडली नाही. चाचांचा चेहरा असा खुलला की मागच्या दोन पायांचे मी पुन्हा काढले नाही.

परीक्षा मात्र घ्यायची होती. आमच्या पोंभुर्ण्याकडच्या गावात मोठा तलाव आहे. त्यात सोमाभाऊ शिंगाडे लावतात. फळी मालवाहू ऑटोवर बांधून आम्ही गेलो. माझे वडील धानाच्या बांधावरून आले, चहूबाजूंनी पाहिले आणि मला हळूच म्हणाले, "कॉलेजात हेच शिकवून राह्यले का?"

ठरले असे. सोमाभाऊ मोटरसायकल घेऊन तलावाच्या पाळीवरून, म्हणजे काठच्या बांधावरून, जातील आणि दोराने फळी ओढतील. पाळ जिथे वळते तिथे चाचांनी दोर सोडायचा आणि फळी वळवायची, कारण पुढे शिंगाडे. मी बसतो म्हटले, तर चाचांनी ऐकले नाही. "पाय माझे, मीच बसणार." पायजमा वर खोचून, कमरेला टायरची ट्यूब अडकवून ते फळीवर पालथे झोपले.

मोटरसायकल निघाली. खरे सांगतो, फळी सुंदर चालली. हलली नाही, डुलली नाही. "पाह्य! पाह्य रे कॉलेजवाले!" चाचा ओरडले. पाळ वळली. चाचांनी दोर सोडला.

"वळवा चाचा! समोर शिंगाडे!" सोमाभाऊ पाळीवरून ओरडले.

चाचा डावीकडे झुकले, उजवीकडे झुकले, पाय आपटले, फळीला दोन शिव्याही दिल्या. फळी रुळावरून जावी तशी सरळ गेली आणि शिंगाड्यात घुसली. चाचा उठून उभे राहिले तेव्हा गळ्यात हारासारखे वेल होते आणि शिंगाड्याचे काटे जिथे लागू नयेत तिथे लागले होते.

"चाचा, माझं पीक!" सोमाभाऊंनी डोक्याला हात लावला. "फळी वळवता येत नाई का तुमाले?"

"फळी सीधी हाय," चाचा वेल काढत म्हणाले. "तुमचे शिंगाडेच मधात हायेत."

परतताना ते ऑटोत उभेच होते. बसण्यासारखी स्थिती नव्हती. मी भीतभीत विचारले, "मागचे दोन लहान करून पाहायचे का?"

"जिंदगीत मी कोणता पाय लहान नाई केला," ते म्हणाले. मग बाहेर बघत म्हणाले, "यूनुस याच्यावर उभा राह्यते म्हणे. मी तर झोपल्या झोपल्या पडलो बे."

पुढच्या आठवड्यात त्यांनी चारही पाय काढून फळीसोबत ठेवले, फळी चादरीत गुंडाळली आणि चेन्नईच्या गाडीने जाणाऱ्या एका ओळखीच्या माणसासोबत पाठवली. सोबत निरोप काही दिला नाही. यूनुसचा फोन आला, चाचींनाच. "अब्बाले सांग, मिळाली." बस, एवढेच. खालचा रंधा बराच वेळ सुरू झाला नाही.

मग माझे वर्ष संपले आणि मला पुढे शिकायला नागपूरला जायचे झाले. निरोप घ्यायला गेलो तेव्हा चाचा म्हणाले, "नागपुरात खोली घेशील तर आधी खाट हलवून पाह्य, मग घरमालकाले पाह्य." मी हसलो. ते हसले नाहीत. "त्यानं लावले असतील का रे पाय?" असे एकदम विचारले. मी म्हणालो, लावले असतील. मला माहीत नव्हते.

परवा यूनुसचा फोन आला. माझा नंबर त्याने चाचींकडून घेतला होता. मागे लाटांचा आवाज येत होता. म्हणजे तो लाटांचाच असावा.

"भाऊ, ते पाय मी फळी आली त्याच दिवशी लावले होते," तो म्हणाला. "फळी वळतच नाही. मग नवीन शिकणाऱ्यांना देऊन पाहिली. सीधी जाते, हलत नाही, कोणी घाबरत नाही. आता पोरं येऊन तीच मागतात. मी अम्मीला हे सांगितलं. अम्मीने अब्बांना सांगितलं. अब्बांनी सकाळी दुकानाला कुलूप लावलं अन् गाडीत बसले."

"कुठं?"

"इथी! कालच आले. समुद्राकडे पाहिलंसुद्धा नाही. आधी फळी उलटी केली, चारही पाय हलवून पाहिले. मग मी माझी दुसरी फळी घेऊन पाण्यात गेलो. वळलो, परत वळलो. बाहेर आलो तर अब्बा रेतीत बसले होते, डोळे पुसत. म्हणाले, खारं पाणी उडालं."

"मग?"

"मग विचारलं, इथी कानस भेटते का. भाऊ, अब्बा मागचे दोन पाय लहान करून राह्यले."