ताईचं न तापणारं लोखंड

ताईच्या गावच्या, तिरोडीच्या बसमधून भाऊजी एकटेच उतरले, दुकानाच्या पायरीवर बसले आणि म्हणाले, “कमल गेली.” माझ्या हातातली वाइंडिंगची तार तशीच राहिली... सकाळी ती शाळेत प्रार्थनेला उभी होती म्हणे. महिना होऊन गेला, पण बहिणीची आठवण रडू घेऊन येत नाही. ती पदर खोचून, “अरे, ऐक तर!” म्हणत धावतच येते.

साठच्या दशकात ताई बालाघाटला मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायची आणि मी मोटर वाइंडिंगचं, म्हणजे जळालेल्या मोटरींना नवी तार गुंडाळून द्यायचं, दुकान चालवायचो. आमच्या वॉर्डातल्या डॉक्टरीणबाईंकडे रक्ताच्या नळ्या भन्नाट वेगानं फिरवून तपासणी करायचं यंत्र होतं. त्याच्या मोटरचं आर्मेचर, म्हणजे आतला फिरणारा भाग, जळलं. नवं मुंबईहून यायला महिने लागणार होते. तोवर नमुने छोट्या रेल्वेगाडीनं गोंदियाला जात. लांबच्या बैहरकडून आलेल्या, अंगात रक्त नसलेल्या गरोदर बायका रिपोर्ट यायच्या आधीच गावी परतत. हे कानावर पडताच ताई तडक दुकानात आली. “आपण बनवू!”

मी लेथवर भरीव लोखंडाचा गाभा केला. एवढ्या वेगात तो तुटू नये, हा माझा विचार. मोटर सुरू केली आणि थोड्याच वेळात धूर! ताईनं चक्क टाळी वाजवली.

“काहून तापलं, समजलं का? फिरता फिरता त्याचं चुंबकत्व सारखं उलटंपालटं होते. त्यानं लोखंडाच्या पोटातच वीज फिरते, भोवऱ्यासारखी. वेग वाढला का तापणं वाढलं. भरीव नको, पातळ पत्रे पाहिजे. मधी वार्निश, म्हंजे वीज अडते.”

“पंख्याचे पत्रे आहेत ना, ताई.”

“ते जाड. पंखा कुठं एवढा पळते?”

मग तिला रेडिओतली काळी, चिनीमातीसारखी भाजलेली फेराइटची कांडी आठवली. तिच्या पोटात वीज फिरत नाही, म्हणून ती तर अशी तापतच नाही! ताई इतकी हुरळली, की शाळेतून थेट दुकानात यायची, जेवणही तिथेच. पण कांडीत चुंबकत्व थोडंच मावायचं. शेवटी तिनं स्वतःच ती फरशीवर टाकली. तुकडे झाले. “ही ह्या वेगात फुटून जाईन रे. जाऊ दे.” आणि लगेच, “चाल, कबाड्याकडे!”

त्या भंगारवाल्याकडे जुन्या ट्रान्सफॉर्मरचे सिलिकॉन मिसळलेल्या पोलादाचे पातळ पत्रे मिळाले. मी खाचा कापायचो, ताई प्रत्येक पत्र्याची कड घासायची. कड खरबरीत राहिली, तर वार्निश फाडून शेजारच्या पत्र्याला टेकते आणि सगळं मुसळ केरात. तिची बोटं कापली. ती थांबली नाही.

पत्रे रचून तार गुंडाळली आणि डॉक्टरीणबाईंसमोर मोटर चालू केली. गुणगुण, मग शिट्टीसारखा आवाज. बराच वेळ चालवून बंद केली.

“हात लाव ना, भिऊन काहून राह्यला?”

लावला. कोमट होतं. नुसतं कोमट! ताईनं मला गदागदा हलवलं, डॉक्टरीणबाईंनाही. त्याच दुपारी बैहरच्या एका बाईचा रिपोर्ट ती बाकावर बसलेली असतानाच आला. तिला परत जाऊच दिलं नाही, भरती केलं. पुढे मुलगी झाली. ताई बाळंतिणीसाठी डिंकाचे लाडू घेऊन गेली आणि तिला मोटरची सगळी गोष्ट सांगून आली.

परवा तिरोडीला तिच्या खोलीत बसलो होतो. भाऊजींनी टेबलफॅन लावला. कुठलीही मोटर सुरू झाली, की ती पुरा वेग धरेपर्यंत ताई कुणाला बोलू द्यायची नाही, ऐकत राहायची. आम्ही सगळे आपोआप गप्प झालो... पंख्यानं वेग धरला, तरी कुणी बोललं नाही.