डोकं पाण्यात

मला पोहता येतं, असं मी चाळिशीपर्यंत ठामपणे सांगत असे. देवळ्याला मळ्यातल्या विहिरीत शिकले होते. थोरल्या भावाने कमरेला वाळका भोपळा बांधून मला पायरीवरून ढकललं आणि वरून ओरडत राहिला, "डोकं वर ठेव, नाय तं बुडशील." मी डोकं वर ठेवलं आणि बुडले नाही. विहिरीपुरती एवढी विद्या पुष्कळ होती.

दोन हजार पाच-सहाच्या सुमारास मुलगी शिकायला पुण्याला गेली आणि मला घरात बसवेना. जेवता जेवता उठायचे, धुतलेली भांडी परत धुवायचे. धावायला आणि सायकल चालवायला आधीच लागले होते. त्याच तिरमिरीत लांब पल्ल्याच्या ट्रायथलॉनला नाव दिलं. समुद्रात जवळजवळ चार किलोमीटर पोहायचं, मग दिवस कलेपर्यंत सायकल, वर मॅरेथॉन.

"तू एका जागी बसून पेपर वाचून दाखव, मी तेवढ्यावर खूश आहे," नवरा म्हणाला.

सायकलवर त्र्यंबक रोड पालथा घातला. इंदिरानगरच्या जॉगिंग ट्रॅकवर लोक मला ओळखायला लागले. घोडं अडलं ते पाण्यात. तरणतलावावर महिलांच्या बॅचला मी जीव खाऊन हात मारायचे आणि दोन-तीन फेऱ्यांत कठड्याला लटकायचे. मान आखडायची, धाप थांबायची नाही. शेजारच्या पट्ट्यातून निवृत्त झालेल्या गणिताच्या एक बाई, अंगाने चांगल्या भरलेल्या, अगदी सावकाश हात टाकत मला मागे टाकून जायच्या. त्याचा मला भयंकर राग यायचा.

एके दिवशी कठड्याशी त्यांनीच विचारलं, "तुम्हाला जायचंय कुठे?"

"पलीकडे."

"मग दर हाताला वर कशाला जाताय?"

मला समजलं नाही. त्या म्हणाल्या, "डोकं वर काढलं की पाय खाली जातात. मग ते पाय ओढत न्यावे लागतात. आणि श्वास पाण्यात सोडत नाही तुम्ही. कोंडून ठेवता. भरलेल्या छातीत नवीन हवा मावणार कुठे?"

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी मला हाताशी धरलं. नुसतं कठडा धरून तोंड पाण्यात घालायचं आणि नाकातून बुडबुडे सोडायचे. नजर तळाच्या फरशीवर. श्वास घेताना डोकं उचलायचं नाही, कुशीवर वळल्यासारखं वळायचं, एक कान पाण्यातच. एक हात पुढे लांब ठेवून दुसरा तिथे पोचेपर्यंत थांबायचं. हे थांबणंच मला जमेना. पुढचा हात आपोआप खाली यायचा. आठवडे गेले तरी वेग वाढला नाही, उलट कमी झाला. स्पर्धा जवळ येत होती, आणि मी लहान मुलीसारखी बुडबुडे काढत होते.

"बाई, असं चाललं तर मी किनाऱ्यावरच राहीन," एकदा मी चिडून म्हणाले.

"राहाल कदाचित," त्या म्हणाल्या. "पण आत्ता हात पुढे ठेवा."

पावसाळा संपल्यावर गंगापूर धरणाच्या पाण्यात सराव केला. नवरा एका कोळ्याच्या होडीत बसून शेजारून येत होता. तोंड खाली घातलं तर तळच नव्हता. नुसता हिरवट अंधार. श्वास कोंडला, डोकं वर आलं, पाय बुडाले, आणि मी होडीची कड धरली. नवऱ्याचा चेहरा पांढरा पडला होता. "बास. घरी जाऊ," तो म्हणाला.

मला घरी जायचं नव्हतं. पाण्यात राहायचीही भीती वाटत होती. कड तशीच धरून मी तोंड पाण्यात घातलं आणि बुडबुडे सोडत राहिले. हात कधी सुटला ते कळलं नाही. त्या दिवशी फार लांब गेले नाही, पण परतताना पाय वर तरंगत होते. ते पहिल्यांदा जाणवलं.

स्पर्धेच्या दिवशी समुद्रात कुणाची तरी लाथ बसून गॉगल सरकला. डोळ्यांत खारं पाणी गेलं. हात-पाय वेडेवाकडे चालू झाले. मी उताणी झाले, गॉगल नीट केला, छातीतली सगळी हवा सोडली, नवीन भरली आणि परत पालथी झाले. पुढचा हात पुढे ठेवला. लाटा मला वर-खाली करत होत्या, मी मात्र पलीकडे जात होते.

बाहेर आले तेव्हा स्टँडवर मोजक्याच सायकली उरल्या होत्या, त्यामुळे माझी शोधावी लागली नाही. सायकल आणि धावणं उरकून, वेळेची मर्यादा संपायच्या थोडं आधी, अंधार पडल्यावर, शेवटची रेघ ओलांडली. बाकीचे वाळूत आडवे झाले होते. नवरा माझ्या चपला हातात घेऊन मागे मागे येत म्हणत होता, "अगं, आता तरी बस."

"बसते," मी म्हणाले आणि चालत राहिले.