ड्रमशिवायची गाणी

आमच्या बँडमध्ये आम्ही तिघंच होतो. एक गिटार वाजवून घशातून गुरगुरणारा, एक ड्रम वाजवणारा आणि कीबोर्डवर मी. डेथ मेटल म्हणजे काय, हे मी आईला एकदा समजावून सांगायला गेले. तिनं इयरफोन कानात घातला, ते गुरगुरणं ऐकलं आणि घाबरून म्हणाली, "अगं, ह्याला उलटी होतेय का? कोणीतरी पाणी द्या बिचाऱ्याला!"

आमचं घर दिल्लीतल्या सरकारी क्वार्टरमध्ये होतं, त्यामुळे घरी सराव शक्यच नव्हता. गिटारवाल्याच्या काकांचा फरीदाबादला नट-बोल्टचा छोटा कारखाना होता. रविवारी तो बंद असायचा. पत्र्याच्या शेडमध्ये, गप्प उभ्या मशिनांच्या मधल्या जागेत आम्ही दुपारभर वाजवायचो. घरी परतल्यावर माझ्या केसांना ग्रीसचा वास यायचा.

ड्रमर पानिपतचा. वडलांचं तिथे चादरी-ब्लँकेटांचं दुकान. शिकायला म्हणून दिल्लीत आला आणि शिक्षण संपून नोकरी लागली तरी मुनिरकातल्या त्याच बिनखिडकीच्या खोलीत राहिला. पानिपत हा शब्द ऐकल्यावर आई म्हणाली होती, "आपल्याला काही ते गाव लाभलं नाही बाई." मी हे त्याला सांगितलं तर तो पोट धरून हसला. मग मला कधी उशीर झाला की म्हणायचा, "मराठा फौज फिर लेट."

दोन्ही पायांनी पेडल मारत तो अशा काही वेगानं वाजवायचा की एकदा कारखान्याचा चौकीदार धावत आत आला होता. कुठलं तरी मशीन चालूच राहिलं, असं त्याला वाटलं.

आम्ही अल्बम करायला घेतला तेव्हा भांडणं सुरू झाली. मला गॉथिक बाजाची गाणी हवी होती. संथ, काळोखी, रिकाम्या चर्चमध्ये आवाज घुमावा तशी. गिटारवाल्याला दोन्ही आवडायचं. ड्रमर मात्र ऐकेना. "धीमा बजाऊँ तो नींद आती है, यार. मरे हुए लोगों का म्यूज़िक है तुम्हारा." शेवटी तोड निघाली, अर्धी गाणी त्याच्या मनासारखी, अर्धी माझ्या. आधी ड्रम रेकॉर्ड करतात आणि मग त्यावर बाकीची वाद्यं चढवतात. त्यानं वेगवान गाण्यांचे ड्रम वाजवून टाकले. संथ गाण्यांना हात लावायचं तो टाळत राहिला.

पाऊस संपून डासांचे दिवस आले होते. एका शनिवारी त्याचा फोन आला. "बुखार है. कल नहीं आऊँगा." दिल्लीत त्या दिवसांत घरोघरी कोणाला ना कोणाला ताप असतोच. पुढच्या दोन-तीन दिवसांत तो हॉस्पिटलमध्ये होता, डेंग्यू, आणि प्लेटलेट उतरत चाललेल्या. गिटारवाल्याचा रक्तगट जुळला. हाताला मशीन लावून तो पडून राहिला. मी बाहेर बाकावर बसून दिसेल त्या नंबरवर मेसेज पाठवत होते. आणखी दोघं रक्तदाते आलेही. डॉक्टरांनी करायचं ते सगळं केलं. सकाळी, चहावाला वॉर्डाबाहेर फिरत असताना, त्याचे वडील बाहेर आले आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. आम्हाला कोणी काही सांगायची गरज उरली नाही.

तेराव्याला आम्ही दोघं पानिपतला गेलो. पाहुणे पांगल्यावर त्याच्या आई आमच्याजवळ येऊन बसल्या. म्हणाल्या, "वो क्या बजाता था, मैंने कभी सुना नहीं. सुनाओगे?"

गिटारवाल्याच्या लॅपटॉपमध्ये सगळं होतं. त्यानं हेडफोन त्यांच्या कानांवर ठेवला आणि एक गाणं लावलं. गिटारींचा कल्लोळ आणि त्यात त्याचं स्वतःचं गुरगुरणं. त्यांनी डोळे मिटून पूर्ण गाणं ऐकलं. मग गोंधळून विचारलं, "इसमें मेरा बेटा कौन-सा है?"

गिटारवाल्यानं लॅपटॉप पुढ्यात ओढला. त्यानं एक-एक करून सगळं बंद केलं. गिटार गेली, माझा कीबोर्ड गेला, त्याचा स्वतःचा आवाज गेला. उरले नुसते ड्रम. "ये है, आंटी. ये सब वही है."

त्या ऐकत राहिल्या. हेडफोनमधून बाहेर झिरपणारी टकटक आम्हालाही ऐकू येत होती. एकदाही न थांबणारी. बऱ्याच वेळानं म्हणाल्या, "थकता नहीं था?"

"नहीं, आंटी."

"घर में तो पानी का गिलास भी नहीं उठाता था," त्या म्हणाल्या आणि पदर तोंडात कोंबून रडू लागल्या. वडील उठून दुकानाकडे निघून गेले.

परतीच्या बसमध्ये गिटारवाला लॅपटॉप मांडीवर धरून बसला होता. दिल्ली जवळ आली तेव्हा तो म्हणाला, "दुसरा ड्रमर नहीं लाऊँगा."

त्यानं कॉम्प्युटरवर ड्रम बनवून पाहिले. नीट जमले होते, कुठेही चूक नाही. त्यानं ते पुसून टाकले. म्हणून संथ गाणी ड्रमशिवायच झाली. कीबोर्ड, लांबत जाणारी गिटार आणि आवाज. तो गुरगुरायला गेला की पहिल्याच ओळीला थांबायचा आणि रेकॉर्डिंग बंद करायचा. मग त्यानं माइक माझ्याकडे सरकवला. मी कधी गायले नव्हते. खालच्या पट्टीत, जवळजवळ पुटपुटल्यासारखं गात गेले. बाहेर हिवाळ्यात दिल्लीभर साचणारा तो धूर भरला होता. शेडच्या दारातून समोरची भिंतसुद्धा दिसत नव्हती आणि दर दोन ओळींनंतर मला खोकला यायचा. काही ठिकाणी तो खोकला रेकॉर्डमध्ये तसाच राहिला आहे.

अल्बम आम्ही इंटरनेटवर टाकला. फार कोणी ऐकला नाही. या संगीतावर लिहिणाऱ्या एका वेबसाइटनं मात्र कौतुक केलं. डेथ मेटल आणि गॉथिक यांच्यामध्ये या बँडनं विचारपूर्वक पूल बांधला आहे, उत्तरार्धात ड्रम काढून टाकण्याचं धाडस वाखाणण्यासारखं आहे, असं काहीसं. मी खूश होऊन गिटारवाल्याला फोन केला.

"पढ़ लिया," तो म्हणाला. "सोच-समझकर! किसने सोचा था? तूने सोचा था? मैंने?" मग तो म्हणाला, "मुझसे अब नहीं होगा, यार." त्यानंतर त्यानं गिटार हातात घेतली नाही. काही महिन्यांनी तो नोकरी धरून बंगळुरूला गेला. सणावाराला आम्ही एकमेकांना मेसेज पाठवतो, बस.

मध्यंतरी एका दुपारी घरी आले तर आई मेथी निवडत होती आणि शेजारी मोबाइलवर माझं संथ गाणं चालू होतं. तिला ते कसं सापडलं, कोण जाणे.

"तूच ना ही?" तिनं विचारलं. "आवाज चांगला लागलाय. पण बेटा, हे असलं परत नको गाऊस. घरातलं कोणी गेल्यासारखं वाटतं."

"गेलंच आहे की, आई."

ड्रमर गेल्याचं तिला माहीत होतं, पण तेवढंच. त्या सबंध काळात मी घरात एकदाही रडले नव्हते. मग तिनं मेथीची जुडी बाजूला सारली, गाणं बंद केलं आणि म्हणाली, "चल, सांग मला त्याच्याबद्दल. कसा होता?"

मी तिच्याजवळ खाली बसले. कुठून सुरुवात करावी ते मात्र कळेना.