दोरी नसलेली मोटर

बातमी आली तेव्हा मी अक्कांच्या खोलीत होडीच्या मोटरची बॅटरी चार्जिंगला लावत होते. शनिवार होता. रविवारी तळ्यावर जायचं असलं की शनिवारी सकाळी बॅटरी लावून ठेवायची, असा आमचा नेमच होता. अक्का फिरायला गेल्या होत्या. फाटकाशी कोणीतरी ह्यांना हाक मारली, ह्यांचा आवाज चढला आणि एकदम थांबला. पार्कातल्या बाकावर बसल्या बसल्याच अक्का गेल्या होत्या. मी जिना उतरून आले, फाटकात चार परकी माणसं दिसली, आणि मी आधी पदर सारखा केला. मग रडले... हे लिहितानाही मान खाली जाते, पण झालं ते असंच.

अक्का म्हणजे माझी थोरली नणंद. मी निपाणीजवळच्या खेड्यातली, मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकलेली. लग्न होऊन बनशंकरीच्या या घरात आले. ही माणसं पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरूची. घरात मराठी बोलतात, पण अर्ध्या वाक्यात कन्नड येतं, आणि वाचायला बसले की कन्नड नाहीतर इंग्रजीच. मी हे मराठीत लिहिते आहे, कारण ते या घरात कोणाला वाचता येत नाही. अक्कांनाही येत नव्हतं. त्या कारखान्यात यंत्रांचे नकाशे काढायच्या. लग्न केलं नाही. तिथल्या क्लबात शिडाची होडी चालवायला शिकल्या, आणि निवृत्त झाल्यावर शहर सोडून निघालेल्या एका गृहस्थांची जुनी लाकडी होडी विकत घेतली. सगळे हसले. "अक्का, बेंगळुरूला समुद्र कधी आला?" असं हेच विचारायचे. होडी शहराबाहेरच्या मोठ्या तळ्यावर असायची. शिडाची दोरी धरायला दुसरं माणूस लागतं. अक्कांनी भावाला विचारलं, भाच्यांना विचारलं, शेवटी मला. मला नाही म्हणायचा संकोच वाटला, म्हणून मी गेले.

साडीवर ते बुडू नये म्हणून घालायचं नारिंगी जाकीट चढवून काठावरून चालताना मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. शेजारच्या बायका मला 'खलाशीणबाई' म्हणायच्या. पण होडी तळ्याच्या मध्यावर गेली की काठ बारीक व्हायचा, माणसं मुंग्यांएवढी, आणि मला बघणारं कोणी उरायचं नाही. तिथे मी मोठ्याने बोलायची. आईचं, शाळेचं, काय वाट्टेल ते. एकदा तर ओवी म्हटली. अक्का शिडाकडे बघत म्हणाल्या, "इंदू, तुला आवाज आहे हे मला इथे येऊन कळलं गं." पलीकडच्या काठाला बगळ्यांनी पांढरं झालेलं एक झाड होतं. त्याच्याखाली जाऊन आम्ही डबा खायचो.

वारा पडला की परत यायला होडीच्या मागच्या फळीवर एक छोटी मोटर अडकवलेली असायची. पेट्रोलची, दोरी ओढून सुरू करायची. ती जुनी झाली, धूर ओकायला लागली, आणि एक दिवस बंदच पडली. मेकॅनिक म्हणाला, हिचे भाग आता मिळत नाहीत. मग दोन महिने घरात दुसरा विषय नव्हता. अक्कांनी माझी शिवणाची टेप घेऊन मागच्या फळीची उंची मोजली, कारण मोटरचा दांडा आखूड निघाला तर पंखा पाण्याबाहेर फिरतो. बॅटरीवरची मोटर त्यांनी आधीच बाजूला ठेवली. "बटण दाबलं की सुरू होते, आवाज नाही, सगळं सरी, ठीक. पण तळं मोठं आहे. मध्यावर संपली तर?" त्यांना पुन्हा पेट्रोलचीच हवी होती. अडचण एवढीच, की त्यांचा उजवा खांदा गेला होता. "दोरी तुलाच ओढायची आहे. तेव्हा मोटर तुझ्या हाताची घ्यायची, माझ्या नाही," त्या म्हणाल्या. गच्चीवर, वाळत घातलेल्या साड्यांच्या आड, बंद पडलेल्या मोटरवर त्यांनी मला शिकवलं. एक पाय पुढे रोवायचा आणि खांद्यापासून झटका द्यायचा. मला जमलं. पहिल्या दिवशीच जमलं. अक्कांनी टाळ्या वाजवल्या.

दुकानात एका पिंपात पाणी भरून त्यावर नवी मोटर लावलेली होती. दुकानदाराने चालू करून दाखवली, बंद केली, आणि अक्का म्हणाल्या, "आता ही ओढेल." आजूबाजूची माणसं वळली. दोन हमाल हातातलं खोकं खाली ठेवून उभे राहिले. "स्वल्प जोरात एळीरी अम्मा!" दुकानदार हसत म्हणाला, ओढा म्हणून. एकाने मोबाईल वर धरला. पाय रोवायचा म्हणजे साडी वर घ्यावी लागणार, हात मागे जाणार, पदर सरकणार... मी दोरीला हात लावला आणि काढून घेतला. म्हटलं, "माझा हात दुखतोय."

अक्कांनी माझ्या हाताकडे बघितलं, मग त्या मोबाईलकडे. मग दुकानदाराला कन्नडमध्ये म्हणाल्या, "ही बेडा, नको ही. बॅटरीवरची दाखवा."

"मेडम, आत्ता तर तुम्हीच म्हणालात ती मध्यावर दगा देते!"

"म्हातारीचं मन आहे, बदललं. आता तुझं बदलायच्या आत बिल कर."

ऑटोत त्या एवढंच म्हणाल्या, की हिचा आवाज नाही, बगळे उडणार नाहीत. माझ्या हाताचं त्यांनी त्या दिवशी विचारलं नाही, नंतरही कधी नाही.

पावसाळा सरल्यावर एका रविवारी बगळ्यांच्या झाडाजवळ वारा पडला, आणि परतताना मध्यावर बॅटरी संपली. गोल टोपल्यासारख्या होडीतून मासे धरणाऱ्या एका माणसाने आम्हाला दोर लावून काठाला आणलं. काठावर गर्दी जमली होती. ही गोष्ट आमच्या आधी घरी पोचली. जेवताना हे म्हणाले, "जन्मभर कारखान्यात काढलास, अक्का, आणि एक मोटर निवडता आली नाही तुला?"

"हो रे. चुकलंच माझं," अक्का म्हणाल्या.

मी वाढत होते. ह्यांना भात हवा का, असं विचारलं. तेवढंच बोलले.

त्यानंतर आम्ही काठाकाठानेच फिरलो. बगळ्यांचं झाड लांबूनच बघायचं. काठावरच्या माणसांचे चेहरे दिसायचे, म्हणून मीही होडीत गप्प बसायला लागले. अक्का कधी कधी माझ्याकडे बघायच्या, मी बोलेन म्हणून.

तेराव्याला घर भरलेलं होतं. जेवणं झाल्यावर हे त्या मोटरची गोष्ट सांगायला लागले. प्रेमाने सांगत होते, डोळे पुसत सांगत होते, पण सांगत हेच होते की शेवटी शेवटी अक्काची बुद्धी चालेना. सगळे हसले. कोणी म्हणालं, वय झालं की असंच. जिचं डोकं अख्ख्या खानदानात चालायचं, तिची ती आठवण प्रत्येकजण आपापल्या घरी घेऊन गेला. मी ताकाचं भांडं उचलून आत गेले आणि ओट्याला टेकून उभी राहिले.

गेल्या रविवारी होडी आणि मोटर विकत घ्यायची म्हणून बघायला व्हाइटफील्डहून एक मुलगा आला. पुण्याकडचा, आयटीतला, सोबत दोन मित्र. आम्ही सगळे तळ्यावर गेलो. त्याने मोटर उचलून बघितली. "काका, एवढ्या मोठ्या तळ्याला ही? कोणी सजेस्ट केली हो?"

हे हसले. "आमच्या अक्काने. शेवटी शेवटी तिला..."

"अक्कांनी नाही," मी म्हटलं.

माझा आवाज मलाच मोठा वाटला. सगळे वळले. मग मी सांगितलं, तुटक तुटक, जमिनीकडे बघत. त्यांना पेट्रोलचीच हवी होती. मला दोरी ओढता येत होती. माणसं बघत होती म्हणून मी ओढली नाही, खोटं बोलले, आणि त्यांनी ते स्वतःवर घेतलं. मुलगा ओशाळून मोबाईल बघायला लागला. ह्यांनी चष्मा काढून पुसला.

"मग तेव्हा का नाही बोललीस?"

"लोक होते."

"आत्ताही आहेत की," हे म्हणाले. रागाने नाही.

मुलगा कळवतो म्हणून गेला, कळवलं नाही. मोटर परत अक्कांच्या खोलीत, खिडकीखाली ठेवली आहे. काल शनिवार. सकाळी खाली पाणी तापत ठेवून मी जिना चढून वर गेले. बॅटरीवर लाल दिवा लागलेला होता. कोणीतरी ती आधीच चार्जिंगला लावली होती, आणि खाली जमिनीवर, अक्कांच्या जाकिटाशेजारी, ह्यांचा चष्मा विसरलेला होता.